तोंडातली गुळणी

“काका, पावलं उचलत राहा आणि आमटीची कृती सांगा. काकू, तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही!” मोबाइलवरच्या व्हिडिओ कॉलमधून थेरपिस्टबाईंनी दटावलं. मला राहवत नाही, म्हणून मी तोंडात पाण्याची गुळणीच धरली. यांच्या अर्धांगवायूनंतरची, चालता-चालता बोलायची ही परीक्षा जमली, तरच यांना घरी एकटं सोडून मी कामावर जाणार होते.

“डाळ शिजवायची. फोडणी...” हे अडकले. पाऊलही थांबलं, हात खुर्चीची पाठ शोधू लागला. पुढचा शब्द माझ्या घशाशी आला होता.

यांनी माझ्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं. पाऊल पुन्हा उचललं.

“मग पाणी घालायचं,” हे सावकाश म्हणाले, “पण... हिच्या तोंडातलं नको.”

माझी गुळणी थेट मोबाइलवर उडाली.

“काकू,” पलीकडून बाई म्हणाल्या, “उद्यापासून खुशाल कामावर जा.”