दुसरी घागर

या मंडळी, असे जवळ सरका. टाळ जरा मांडीवर ठेवा. महाराज उभे राहायला अवकाश आहे, तोवर कोरीटच्या रेवजीची गोष्ट सांगतो. ऐकलीत की घरची घागर निराळी दिसेल.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. रेवजीच्या वरच्या जबड्यात, गालामागच्या पोकळीत गाठ होती.

"नाकाच्या कडेनं ओठापर्यंत चिरलं, की सगळं उघडं दिसतं. गाठ मुळासकट निघते. व्रण मात्र राहतो."

"दुसरी वाट?"

"ओठ उचलून आतून जायचं. चेहऱ्यावर रेघही उमटत नाही. पण डोळ्याखालचा कोपरा नीट दिसत नाही. तिथं काही राहिलं तर पुन्हा वाढेल, जिवावर बेतेल. गालावरूनच करू या."

"आतून करा, साहेब."

नूतन सिस्टर हसली. "काय काका, नवरदेव बननं शे का आते?"

"माय घर एकली शे, बहीण. तिले आते एकच तोंड याद शे. ते बी फाडं, ते ती कोनले वळखी?"

"आईच ती," डॉक्टर म्हणाले. "पोटच्या पोराला ओळखणार नाही होय?"

रेवजीनं गालावरून बोट फिरवलं.

"घरी दुसरं कोणी?"

"जुळा भाऊ होता, गोपाल. तापीत बुडाला. टाळ धरावा तर त्यानंच. देऊळ डोलायचं. मायचा जीव त्याच्यावर."

वॉर्डात शेजारच्या खाटांवर डबे उघडत, हसणं-रुसणं चाले. रेवजी भिंतीकडे तोंड करून मनातल्या मनात भजन म्हणे. नाम घेणाऱ्याला सोबत असते म्हणतात. असेलही.

ऑपरेशन आतूनच झालं. टाळूला पडलेलं भोक झाकायला पट्टी बसवली. ती काढली की शब्द नाकातून वाहून जात.

"त्या कोपऱ्याची कड मला साफ वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. "आता तरी गालावरून जाऊ द्या."

रेवजीनं हात जोडले, मान हलवली. सूज उतरल्यावर तो आरशापुढे बराच वेळ उभा राहिला. मग समोर दुसराच कुणी असावा तसा त्यानं आरशाला नमस्कार केला.

आखाजीला, पितरांच्या नावानं पाणी भरायच्या दिवशी, तो घरी पोचला. इतके दिवस म्हातारीला सांभाळणाऱ्या शेजारच्या मोतीबाईनं ओट्यावर दोन घागरी मांडल्या होत्या, डांगर म्हणजे खरबूज, आणि आमरस ठेवला होता. एक घागर वडिलांची, दुसरी पोराची.

मायनं, जसोदाबाईनं, बोटांनी त्याचा गाल चाचपला. वरून खाली, दोनदा. गाल गुळगुळीत होता. तिचा चेहरा उजळला.

"उना का रे?"

"उनू, माय."

"वाट दखी दखी डोया दुखनात. चाल, पानी भर."

पहिली घागर भरली. दुसरी तिनं स्वतःच पुढे सरकवली, पदरानं डोळे पुसले.

"ही काठोकाठ भर, गोपाल. मन्हा रेवजीले तहान लागनी व्हई."

तो वाकला आणि पाणी ओतू लागला.

मंडळी, आज भजन संपताना एकदा रेवजीचं नाव घ्या. त्याच्या घरात ते फक्त आखाजीलाच घेतात.