टेपवरचं कीर्तन

"या क्रमांकाच्या बाळाचं हृदय कालच शिवलंय. त्याच क्रमांकाला यंत्र शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार दुसऱ्यांदा उघडत नाही," डॉक्टर म्हणाले.

"अहो, ते दुसऱ्या कुणाचं! माझं हे निळं पडलंय," रेवती रडत म्हणाली.

सुईण अनसूयामावशींनी मान खाली घातली. जन्मखोलीतला आवाज ऐकून यंत्र क्रमांक बनवी. आवाज वेगळा, म्हणून क्रमांक वेगळा. पण देवाचं नाव आधी यंत्राच्या कानी पडावं, म्हणून मावशींनी कालच्या आणि आजच्या, दोन्ही बाळांच्या वेळी माइक काढून कीर्तनाची तीच टेप पहिल्यापासून जोडली होती; आवाज तोच, म्हणून क्रमांकही तोच.

"नवा क्रमांक काढू. टेप नको, माइक लावा आणि मावशी, तुम्हीच गा," डॉक्टर म्हणाले.

"माझा गळा बसलाय हो."

"मग तर उत्तमच. असा गळा दुसरा कुठला?"

मावशींनी टाळीचा ठेका धरून कापऱ्या आवाजात गजर सुरू केला. दुसऱ्यांदा 'विठ्ठल' म्हणायच्या आत दार उघडलं.