खाटेजवळची घंटा

ट्रंक उचलून नलिनीने उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि आत घंटा वाजली. टिण्. एकदाच.

"वाजली मेली!" ती पुटपुटली. ट्रंक खाली ठेवून आत गेली.

सासूबाई खाटेवर तशाच पडून होत्या. अर्धांगाने उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. डाव्या हातातून दोरी सुटली होती आणि तो हात खाटेखाली लोंबत होता.

"पाणी देऊ?" मान हलली, नाही. "भांडं देऊ?" नाही. "मग हवंय तरी काय हो?"

म्हातारी नुसती डोळे मोठे करून बघत राहिली. नलिनीने तिचा हात उचलून पोटावर ठेवला आणि दोरी पुन्हा मुठीत दिली, रोज देत असे तशी.

घंटा लावली होती तिच्या नवऱ्याने, धोंडूने. धोंडू घाटकोपरहून कुर्ल्याला जाणाऱ्या बसवर कंडक्टर. आईची वाचा गेली तेव्हा त्याने मोडीत निघालेल्या गाडीची घंटा आणून स्वयंपाकघराच्या चौकटीवर ठोकली आणि दोरी खाटेपर्यंत आणली. कायदाही बसचाच. एकदा वाजली की थांब, इकडे ये. दोनदा वाजली की झालं काम, जा. सुरुवातीला म्हातारी दोन्ही नेमाने वाजवायची. तहान भागली, कूस बदलून झाली, की टिण् टिण्, आणि नलिनी सुटायची. पण गेल्या दिवाळीपासून डबल बेल कधी पडलीच नाही. पडायची ती एकच.

"बोलवायचं तेवढं लक्षात आहे, सोडायचं बरं विसरली!" नलिनी नळावर बायकांना सांगायची. सासू ती सासूच, आडवी पडली म्हणून काय झालं, असं बायका म्हणायच्या. दुसऱ्या कुणाच्या हातची पेज म्हातारी थुंकून टाकायची. त्यामुळे नलिनी घराला जखडली ती जखडलीच. भाजी आणायला गेली तरी अर्धा जीव त्या दोरीला बांधलेला.

आणि काल गावचा जयवंत बोटीने आला, निरोप घेऊन. नलिनीची आई शेवटच्या घटका मोजत होती. नलूला बघू दे, एवढंच म्हणत होती. आजची बोट या मोसमातली शेवटची. दर्या उठला की बोटी बंद, त्या थेट नारळी पौर्णिमेनंतर. समुद्राची सर्व्हिस ती, तिथे कुणाचा वशिला चालत नाही. परत येताना खुष्कीने, मोटार, खाडीतली होडी, पायपीट असं करत रखडत येता आलं असतं. जाताना तेवढा वेळ आईजवळ नव्हता. जयवंत कुर्ल्याला उभा राहणार होता, तिथून भाऊच्या धक्क्यावर तो नेणार होता.

शेजारच्या पद्मजावहिनी उजाडताच येऊन बसल्या होत्या. "तू जा गं. मी बघते ना त्यांना. नाहीच खाल्लं तर नाक दाबून भरवीन!"

नलिनीला कुर्ल्यापर्यंत न्यायला नाक्यावर धोंडूची बस येऊन थांबली. ड्रायव्हर दशरथने भोंगा दाबला. नलिनीने पुन्हा ट्रंक उचलली.

टिण्.

आता मात्र तिचं डोकं फिरलं. ती तरातरा आत गेली. "माझी आई मरतेय तिकडे! कळतंय ना तुम्हाला? सगळं केलं तुमचं, कधी तोंड वाकडं केलं नाही. आता तरी सोडा की मला!" तिला रडू फुटलं आणि तिने पदरात तोंड लपवलं. म्हातारी जोरजोराने मान हलवत होती, हो की नाही ते बघायला नलिनी थांबलीच नाही.

"अगं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय," पद्मजावहिनी हळूच म्हणाल्या. "तू नाहीस म्हणून घाबरल्यात वाटतं."

झालं! नलिनीचा राग गेला आणि रागाबरोबर बळही गेलं. रागाच्या भरात ती गेली असती. आता तिचे पाय उचलेनात. तिने ट्रंक उघडली, आईसाठी घेतलेलं मऊ लुगडं काढून फळीवर ठेवलं आणि खाटेच्या पायाशी फतकल मारून बसली.

खांद्याला पैशांची बॅग तशीच अडकवून धोंडू धावत आला. "अगो, काय करतंस हय? गाडीत लोक शिव्या घालतायत!"

"तुम्ही जा. मी नाही येत. त्या सोडत नाहीत मला." आणि सवयीने तिने लोंबणारा हात उचलून दोरी मुठीत दिली. "घ्या. वाजवा आता, हवी तेवढी वाजवा."

म्हातारीने ओढली. टिण्. बोटं उघडली, दोरी सुटली, हात धप्पदिशी खाली पडला.

मग तिने मान वळवली. उशीवर पडलेली दोरी ओठांत धरली. ती निसटली. पुन्हा धरली, या वेळी उरल्यासुरल्या दातांत. कपाळाची शीर तट्ट फुगली आणि तिने मानेला हिसका दिला.

टिण्.

नलिनी बघतच राहिली. सकाळपासून प्रत्येक घंटेनंतर सुटलेली दोरी तिला आठवली. लोंबणारा हात आठवला. दिवाळीपासून रोज तीच तर तो उचलून ठेवत होती. दुसरी घंटा द्यायला त्या हातात जीवच उरला नव्हता, आणि म्हातारी सकाळपासून तीच द्यायला धडपडत होती. नलिनीने सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. तिला उठवेना.

धोंडूने लुगडं ट्रंकेत कोंबलं, ट्रंक खांद्यावर घेतली आणि डोळे पुसत दारातून ओरडला, "चल गो, ऊठ! डबल पडल्यावर थांबायचं नसतं."