शेवटचं कोरं पान

दिलसुखनगरच्या नागरी सेवा परीक्षेच्या क्लासमध्ये सरांनी दीपमालाचा सराव पेपर तिच्यापुढे धरला. "राज्यकारभार, परराष्ट्र धोरण, सगळं झकास लिहिलंस. अन् शेवटच्या पानावर स्वतःचं नाव? मुख्य परीक्षेत एवढ्यावरून पेपर बाद होतो, अम्मा!" सगळ्या विद्यार्थिनींना ते अम्माच म्हणत.

"मी लिहिलं नाही, सर."

"मग अक्षर काय माझं आहे?"

अक्षर तिचंच होतं.

मुख्य परीक्षेचा दिवस आला; हा तिचा शेवटचा प्रयत्न. वीसही उत्तरं तिने वेळेआधी संपवली. उरलेल्या प्रत्येक कोऱ्या पानावर रेघ मारली, दोनदा तपासलं, पेनाला टोपण लावलं आणि मिटलेल्या उत्तरपत्रिकेवर निश्चिंतपणे तळहात ठेवला.

तळहाताखाली कागद खरखरू लागला. तळव्याला जाणवणारी अक्षरांची वळणं तिच्या ओळखीची होती. 'दी' लिहून झाला. आता 'प' सुरू झाला.