बारीक घरघर

मकरंद टिपणीसांच्या ऑफिसातला फोन कित्येक महिन्यांत वाजला नव्हता. त्यांनी लिहिलेलं 'श्रवण' हे सॉफ्टवेअर जगभरातल्या कृत्रिम कानांत चालत होतं, कुणालाही वापरायला आणि बदलायला खुलं, फुकट. पैसे मिळायचे होते ते फक्त बिघाड दुरुस्त करण्याचे. पण श्रवण कधी बिघडतच नव्हतं. एकेक करून सगळी माणसं कमी करावी लागली.

त्या सकाळी टिपणीसांनी आपल्या हाताने श्रवणमध्ये एक खोट घातली. दुपारी त्यांच्या स्वतःच्या कृत्रिम कानांत बारीक घरघर सुरू झाली. लाखो कानांत ती तशीच सुरू झाली असणार. ते फोन जवळ ओढून बसले.

समोरचा चहा निवायच्या आत घरघर थांबली. मग फोन वाजला.

"सर, मी रेवती." मागच्याच महिन्यात त्यांनी कामावरून कमी केलेली शेवटची मुलगी. "श्रवणमध्ये कुणीतरी घाण करून ठेवली होती. साफ केली मी. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

"अगं, पण तुला आता पगार कोण देतंय?"

"कुणी नाही. आई वैतागली होती. तिच्या कानांत श्रवणच आहे ना."

टिपणीसांनी घसा खाकरला. प्रत्येक बदलापुढे तो करणाऱ्याचं नाव राहील आणि ते कुणालाही बघता येईल, हा नियम त्यांनीच घातला होता.

"कुणी केलं, ते बघितलंस?"

तिच्या घरातल्या कुकरची शिट्टी त्यांना स्वच्छ ऐकू आली.

"नाही सर," ती म्हणाली. "नाव मी बघितलंच नाही."