मुठीतली पिन

फुटबॉलचा हंगाम सुरू होण्याआधी स्मरणशक्तीची चाचणी व्हायची. त्यात मुद्दाम चुकायचं, ही युक्ती प्रशिक्षक बापानेच लेकीला शिकवली होती. मुळातच गुण कमी असले, की डोक्याला मार लागल्यावर पुन्हा चाचणी घेतली तरी घसरण दिसत नाही, खेळ थांबत नाही. "थोडं वेड पांघरायचं, बास!" तो हसायचा. चौथ्यांदा डोकं आपटल्यावर मात्र डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन काढला. यंत्रात शिरण्याआधी तिने काढलेली केसांची पिन बाप मुठीत धरून बसला. "जुन्या जखमाही दिसताहेत," डॉक्टर म्हणाले. "चाचण्यांत कशा सापडल्या नाहीत?" बापाने मान खाली घातली. डॉक्टरांनी तिला पाच सोपे शब्द सांगितले, जरा वेळाने विचारले. तिने एकही सांगितला नाही. पिन बापाच्या तळहातात रुतली. "आता नाटक पुरे, पोरी. खरं सांग." तिचे डोळे भरले. "बाबा, मी नाटकच करतेय असं सांगा ना त्यांना."