न फेकलेलं जाळं

तिसऱ्या सकाळीही फाटकी डॉल्फिनने शेपटी वर केली, आणि तिसऱ्या सकाळीही सान मौंने जाळं फेकलं नाही.

मासे होडीच्या कडेपर्यंत आले होते. पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. मग मासे खाली गेले आणि पाणी निवळलं. फाटकीने पुन्हा शेपटी हलवली. सान मौंच्या खांद्यावर जाळं तयार होतं, शिशाच्या गोळ्या कोपराला लागत होत्या. त्याचा हात आपसूक उचलला गेला. पुढे बसलेल्या फ्यू सिनने नकारार्थी मान हलवली, तसा तो खाली आला.

फ्यू सिन त्याची अकरा वर्षांची मुलगी. होडीच्या कडेवर लाकडी खुंटीने टकटक करून डॉल्फिनला बोलवायचं काम सहाव्या वर्षापासून तिच्याकडे होतं. ब्रह्मदेशातल्या इरावतीच्या या पट्ट्यात रीतच तशी. माणसाने बोलवायचं, डॉल्फिनने मासे हाकत आणायचे, तिने शेपटी दाखवली की जाळं पडायचं. जाळ्यात आले ते माणसाचे. जाळ्याला बिचकून उधळले ते तिचे. फाटकीच्या पाठीवरचा पंख मधोमध चिरलेला होता, म्हणून ते नाव. होडीजवळ आली की ती फ्यू सिनच्या तोंडावर चूळ टाकायची. फ्यू सिनही गाल भरून उलट चूळ टाकायची. दोघींनाही वळण नाही, असं आई म्हणायची.

पाऊस संपताना खालच्या बेटाशी एक डॉल्फिन मेलेली सापडली. अंगावर ओरखडाही नव्हता. ते काम करंटवाल्यांचं होतं. होडीत बॅटरी ठेवून ते पाण्यात वीज सोडत. त्यांनीही टकटक शिकून घेतली होती. डॉल्फिन मासे घेऊन आली की तारा पाण्यात टाकायच्या. मासे उलटे होऊन तरंगत, कधी डॉल्फिनही. आता ते बेट सोडून वर सरकत होते. आपण टकटक बंद करून भागणार नव्हतं. ते करणारच होते. फाटकी वाचायची तर टकटकीवरचा तिचा विश्वासच उडायला हवा होता.

आधी सान मौंने तिच्याजवळ पाण्यावर वल्हं आपटून पाहिलं. तो आवाज तिच्या ओळखीचा, कामाचाच. ती दुप्पट मासे हाकत आली. मग त्याने डोळे मिटून तिच्या पाठीवर वल्हं हाणलं. ती बुडी मारून गेली, आणि टकटक झाल्यावर परत आली.

"मारलेलं तिला कळत नाही, बाबा," फ्यू सिन म्हणाली. "फसवलेलं कळेल."

तेव्हापासून हे चाललं होतं. रोज बोलवायचं, तिला राबवायचं आणि जाळं खांद्यावरच ठेवायचं. शेजारच्या होडीतला ओन प्वे लांबून विचारायचा, हाताला लकवा मारला की नवस बोललास? जाळं फाटलंय, असं सान मौं सांगायचा. घरी भाताबरोबर नुसती मिरची असायची. आईने एकदाही तक्रार केली नाही.

पहिल्या दिवशी फ्यू सिन रडली. दुसऱ्या दिवशी होडीतून उतरल्यावर तिला ओकारी झाली. पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच होत नाहीये. दात काढण्याआधी सुई देतात तेव्हा गालाचं होतं, तसं आतून झालं होतं. ती टकटक करत होती आणि खुंटी दुसऱ्याच कुणाच्या हातात असल्यासारखी वाटत होती.

सहाव्या दिवशी फाटकी आली, पण तिने मासे आणले नाहीत. गोल डोकं पाण्याबाहेर काढून ती होडीकडे बघत राहिली. चूळही टाकली नाही. फ्यू सिन थांबली नाही. सातव्या आणि आठव्या दिवशी फक्त श्वासाचा फुत्कार ऐकू आला, लांबून. नवव्या दिवशी तोही नाही. फ्यू सिनची बोटं आखडली तेव्हा सान मौंने होडी वळवली.

दहाव्या दिवशी करंटवाले समोरच्या वळणाशी आले. आई, बाप आणि मुलगी काठावर उभे राहिले. पलीकडून टकटक ऐकू आली, बराच वेळ. नदी सपाट राहिली. सान मौंने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला की वाचवलंस तिला. फ्यू सिनने मान डोलावली. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे तिला ठाऊक होतं. ती वाट बघत राहिली, पण तो काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी करंटवाल्यांतला एक जण धक्क्यावर आईच्या मोहिंग्याच्या दुकानात आला. विशी-बाविशीचा असेल. उजव्या हाताची दोन बोटं भाजून काळी पडलेली. फ्यू सिनने त्याच्या वाडग्यात शेवया घातल्या, वर माशाचा रस्सा ओतला.

आईला राहवलं नाही. "काय रे, काल फाटक्या पंखाची आली नाही वाटतं हाकेला?"

तो चिडला नाही. रश्शावर फुंकर घालत म्हणाला, "ती होय? मावशी, ती बेटाकडे आली की ठोकतोय, दोन वर्षं झाली. बाकीच्या येतात. ती आमच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. तांडेल म्हणतो, इथे कुणी पोरगी आहे, फक्त तिच्याच टकटकीला जाते."